काळ्या-पांढऱ्या प्रिंटरचे नाना

आमच्या ऑफिसात कुठलंही नवं सॉफ्टवेअर आलं की सोनवणे नाना आधी त्याच्या पडद्यावरच्या खिडकीचा प्रिंट काढतात. रंगीत नाही, काळा-पांढरा. मग तो कागद घेऊन गॅलरीत जातात, उन्हात धरतात, हात लांब करून बघतात, डोळ्याशी आणून बघतात, एकदा उलटा धरूनही बघतात आणि आत येऊन निकाल सांगतात. निकाल बहुतेक वेळा ठरलेला असतो. "कागदवर समजनं नही, ते पडदावर बी समजाव नही." कागदावर जे कळलं नाही ते पडद्यावरही कळणार नाही. तो कागद मग चहाच्या कपाखाली जातो आणि ते सॉफ्टवेअर नानांच्या मनातून कायमचं उतरतं.

एका दिवाळीला शेठनी रंगीत प्रिंटर आणला. नानांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, खोबरं सगळ्यांना वाटलं, आणि त्यानंतर त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. जुना प्रिंटर भंगारात जाऊ नये म्हणून तो उचलून स्वतःच्या टेबलाशेजारी ठेवला. त्याचा कागद रोज अडकतो. नाना रोज त्याला धुळ्याच्या अस्सल शिव्या देतात आणि रोज प्रेमाने तो कागद ओढून काढतात.

आमचं ऑफिस जळगावात, भर बाजारपेठेत, एका साडीच्या दुकानाच्या वर. दुकान शेठच्या वडिलांचं. त्यांना सगळे बाबूजी म्हणतात. तीन पिढ्यांपूर्वी ही मंडळी राजस्थानातून आली. बाबूजी खाली गादीवर बसून साड्या विकतात आणि त्यांचे चिरंजीव ललितशेठ वर बसून सॉफ्टवेअर विकतात. जिनिंगवाले, डाळ मिलवाले, केळीचे व्यापारी ही आमची गिऱ्हाइकं. बाबूजींना अजून एक गोष्ट उमगलेली नाही, की वर इतकी माणसं दिवसभर बसतात, मग उलगडून दाखवतात तरी काय.

आता नानांचं खरं वेड सांगायचं तर आमच्या धंद्यातली एक गोष्ट आधी सांगावी लागेल. एकाच कामावर आम्ही पाच जण एकाच वेळी हात चालवतो. एका भाजीत पाच जणींनी मीठ टाकलं तर काय होतं हे घरोघरी माहीत आहे. तसं होऊ नये म्हणून कोणी, केव्हा, कुठल्या ओळी बदलल्या याचा हिशेब ठेवणारी एक व्यवस्था असते, तिला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. हुशार मंडळी ती काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून चालवतात. बाकीच्यांसाठी चित्रांची, बटणांची टूल्स असतात. कोणाचं काम कुठून फुटलं आणि कुठे येऊन मिळालं हे त्यांत रेघांनी दिसतं, आणि काढलेल्या ओळी एका रंगात, घातलेल्या दुसऱ्या रंगात दिसतात. अशी टूल्स पैशाला पासरी आहेत. काही फक्त विंडोजवर चालतात, काही फक्त मॅकवर, काही लिनक्सवर आली की रुसून बसतात. त्यातलं कोणी कुठलं वापरायचं हे आमच्याकडे नाना ठरवतात. निदान आपण ठरवतो असं त्यांना वाटतं.

या कामात नानांचा उत्साह लग्न जमवणाऱ्या मामाचा आहे. टूलची ते नीट चौकशी करतात. मशीन कुठलं, मेमरी किती खातं, इंटरनेट गेलं तर काय करतं. मग माणसाची चौकशी. तू माउस कुठल्या हाताने धरतोस, चष्मा लागलाय का, वाचताना ओठ हलतात का. सगळं झालं की समोर खुर्ची ओढून बसतात आणि म्हणतात, "आते तुना डोयाले इचार." तुझ्या डोळ्याला विचार. डोळ्याला काय विचारायचं हे कोणालाच कळायचं नाही, पण सगळे मान डोलवायचे.

टूल्सना त्यांनी आपली नावं ठेवली आहेत. मॅकवरचं एक देखणं, महागडं टूल म्हणजे 'जावई', कारण ते दुसऱ्याच्या घरी नांदत नाही आणि मान मात्र सगळ्यांनी द्यायचा. एक प्रचंड जड टूल 'पाटलाचा वाडा', उघडायलाच अर्धा चहा संपतो. आणि व्हर्जन कंट्रोलबरोबर फुकट येणारं एक जुनाट, करड्या रंगाचं, बिनरूपाचं टूल आहे, ते 'सालदार', म्हणजे शेतावर सालाच्या बोलीने राबणारा गडी. विंडोज असो की लिनक्स, कुठेही टाका, तक्रार नाही. नाना स्वतः सालदारच वापरतात. वैशाली त्यांना म्हणायची, नाना, आता तरी याला पेन्शन द्या.

ही वैशाली जामनेरची. पण नाना तिला वैशाली म्हणत नाहीत, 'जामनेर' म्हणतात. मी असोद्याचा म्हणून मी 'असोदा'. शेजारच्या टेबलावर 'यावल' बसतो. "असोदा, त्या जामनेरले सांग, यावलना चहा थंडा व्हयना," असं त्यांचं वाक्य ऐकून एकदा नवं गिऱ्हाईक घाबरलं होतं, कारण त्याला ही एसटी स्टँडवरची घोषणा वाटली. नाना मूळचे धुळ्याचे. इथे खोली करून एकटेच राहतात आणि शनिवारी संध्याकाळी धुळ्याच्या बसला बसतात. आवडत्या माणसाशी ते अहिराणीत बोलतात. रागावले की शुद्ध मराठी सुरू होतं. नानांच्या तोंडून 'कृपया' हा शब्द आला की ऑफिसात सगळे खाली मान घालून कामाला लागतात.

आणखी एक. नाना फक्त पांढरा शर्ट घालतात. नानांच्या पत्नी, आमच्या काकू, होत्या तोवर असं नव्हतं म्हणे. तेव्हा रेघारेघांचे, चौकड्यांचे, चांगले रंगीत शर्ट असायचे. काकू गेल्या आणि महिनाभरात नाना नखशिखांत पांढरे झाले. कोणी म्हणालं, दुःख आहे, बोलू नका. कोणी म्हणालं, कुठल्या तरी महाराजांचा अनुग्रह घेतला. खालच्या दुकानातला सेल्समन आजही म्हणतो की नाना महापालिकेला उभे राहणार होते, तिकीट हुकलं. नानांनी यातलं काहीच खोडून काढलं नाही.

आता माझ्याकडे येतो. मला हिरवा आणि लाल धड वेगळे दिसत नाहीत. जन्मापासूनच. केळीच्या गावात जन्म घेऊन मला कच्चं केळं आणि पिकलेलं केळं नुसतं पाहून ओळखता येत नाही, यासारखी चेष्टा देवाने दुसऱ्या कोणाची केली नसेल. भुसावळला रेल्वेच्या मेडिकलमध्ये त्यांनी ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं, ठिपक्यांत आकडा लपलेला असतो तो सांगायचा. मला नुसते ठिपके दिसले. नोकरी तिथेच संपली. वडिलांनी गावात सांगितलं की पोराला रेल्वे आवडली नाही, कॉम्प्युटर करायचंय. मग मी कॉम्प्युटर केलं आणि ठरवलं की हे पुन्हा कोणाला कळू द्यायचं नाही. एकदा दार बंद झालेल्या माणसाला प्रत्येक दाराची भीती बसते.

मी नोकरीला लागलो तेव्हा ऑफिसात 'जावई' नुकताच आलेला होता. ललितशेठच्या मॅकवर तो त्यांना फार आवडला आणि त्याच कंपनीचं विंडोजवर चालणारं भावंड त्यांनी आम्हा सगळ्यांच्या गळ्यात बांधलं. नानांनी प्रिंट काढला, उन्हात धरला, नापास केला. शेठ हसून म्हणाले, नाना, दुनिया रंगीत झाली, तुम्ही ब्लॅक अँड व्हाइटच राहिलात. नाना सालदाराकडे परत गेले. आम्हीही हसलो. मी जरा जास्तच हसलो, कारण मला त्या खिडकीत लाल रंगातल्या काढलेल्या आणि हिरव्या रंगातल्या घातलेल्या ओळी अगदी एकाच मातकट रंगाच्या दिसत होत्या, आणि हे कोणाच्या लक्षात येऊ नये अशी माझी इच्छा होती.

मी अंदाजाने चालवत राहिलो. वरच्या ओळी बहुधा जुन्या, खालच्या बहुधा नव्या. 'बहुधा'वर काही महिने निभावलं, एकदा चूक झाली ती किरकोळ होती. मग एका केळी व्यापाऱ्याच्या कामात घोळ झाला. कच्ची केळी ज्या बंद खोल्यांत ठेवून पिकवतात, त्यांतली कुठली खोली कधी तयार होते ते आमचं सॉफ्टवेअर सांगायचं. वैशालीने त्यातला हिशेब दुरुस्त केला होता. माझ्याही ओळी त्याच जागी होत्या, म्हणून दोन्ही जुळवायचं काम माझ्याकडे आलं. मी तिच्या दुरुस्त ओळी काढल्या आणि चुकीच्या जुन्या ओळी मानाने परत बसवल्या. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याच्या पडद्यावर कच्च्या केळ्यांची खोली 'तयार' झाली. हमालाने घड हातात घेतला, हसला, म्हणून ट्रक सुटला नाही. पण व्यापाऱ्याचा फोन सुटला. तो काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ललितशेठ वाईट माणूस नाही. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून शांतपणे सांगितलं की ही दुसरी वेळ आहे, लक्ष लागत नसेल तर स्पष्ट सांग, आणखी एकदा असं झालं तर मला तुला ठेवता येणार नाही. मी हो म्हणालो. खरं कारण जिभेवर आलं होतं, पण ते ठिपक्यांचं पुस्तक समोर आलं आणि मी ते गिळलं. घरी नुकतीच बहिणीची सोयरीक जमत होती. भावाची नोकरी गेली हे ऐकायला पाहुणे बसलेलेच असतात.

त्या दिवशी दुपारी डबे झाल्यावर मी नेहमीप्रमाणे केळ्यांच्या घडाजवळ गेलो. ऑफिसात घड कायम टांगलेला असतो. मी एक केळं दाबून पाहिलं, दुसरं दाबलं, तिसरं मऊ लागलं ते तोडलं. मागून आवाज आला. "असोदा, तू केयं दाबीन देखस." मी म्हटलं, सवय आहे नाना, आमच्याकडे असंच बघतात. नानांनी हात वर केला, एक केळं दाबलं, दुसरं दाबलं आणि तिसरं तोडून घेतलं. मला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. इतका मी बुद्दू.

पुढच्या सोमवारी नानांनी मीटिंग मागितली. नानांनी मीटिंग मागितली हीच बातमी होती. उभे राहिले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "ललितशेठ, कृपया ऐकून घ्या. या टूलचा पायगुण चांगला नाही."

सगळे फिसकन हसले. नाना हसले नाहीत. टूल आल्यापासून घडलेल्या अपशकुनांची त्यांनी जंत्रीच वाचली. राउटर जळला. चहावाल्याचा पाय मुरगळला. धुळ्याला आपली दोन माणसं एका खोलीत लिनक्सवर काम करतात, त्यांना हे टूल चालत नाही, म्हणून ती वेगळी चूल मांडून बसली आहेत. केळ्यांचा घोळ झाला तो वेगळाच. नाना म्हणाले, घरात सून आली आणि म्हैस आटली तर लोक सुनेला बोलतात, ते चूक आहे. पण टूलला बोलायला काय हरकत आहे? शेठना हसू आवरेना, पण धुळ्याचा मुद्दा त्यांना पटला. विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालणारं एखादं असेल तर बघा म्हणाले. नाना म्हणाले, बघितलंय.

दोन दिवस त्यांनी प्रत्येकाच्या मशीनवर स्वतः बसून नवं टूल टाकलं. वैशाली कुरकुरली, की हे दिसायला किती भोळं आहे. माझी पाळी शेवटी आली. नानांनी सगळं मांडून दिलं, उठले आणि मला खुर्चीत बसवलं. प्रत्येक घातलेल्या ओळीपुढे ठळक अधिकची खूण होती, काढलेल्या ओळीवर आडवी रेघ मारलेली होती. रंग होते, पण निळा आणि पिवळा. वर फाटे दाखवणाऱ्या रेघांपैकी एक सलग, एक तुटक, एक ठिपक्यांची, आणि प्रत्येकीच्या टोकाला माणसाचं नाव.

मला दिसत होतं. इतकंच लिहितो. इतरांना जे रोज फुकट दिसतं ते मला पहिल्यांदा दिसत होतं आणि माझे डोळे भरून आले, त्यामुळे पुन्हा थोडा वेळ काही दिसेना.

नाना मागे उभे होते. "तुना डोयाले इचार," ते म्हणाले. मी म्हटलं, डोळा हो म्हणतोय. ते "बठ्ठं बरोबर शे मंग," म्हणजे मग सगळं बरोबर आहे, असं म्हणाले आणि प्रिंटरचा कागद ओढायला निघून गेले. तेव्हा मला ते दाबून पाहिलेलं केळं आठवलं. मग उन्हात धरलेला काळा-पांढरा कागद आठवला, आणि पांढरे शर्ट. एक माणूस इतकी वर्षं टूल्स तपासत होता, ते कशासाठी, हे माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. अख्ख्या ऑफिसला त्यांनी पायगुणाच्या नावाखाली हलवलं होतं. स्वतःचं हसू करून घेतलं, पण माझं नाव येऊ दिलं नाही, आणि स्वतःचंही नाही.

मी आभार मानायला गेलो की ते विषय बदलायचे. एकदा फारच मागे लागलो तेव्हा म्हणाले, टूलचे मान. त्यानंतर माझ्या हातून तशी चूक झाली नाही, बहिणीचं लग्नही पार पडलं. नाना आले होते. वाढप्याने लाल चटणी आणली की हिरवी, हे चाखूनच ठरवत मी आणि नाना शेजारी शेजारी जेवलो.

यंदाच्या उन्हाळ्यात एका दुपारी नाना माझ्या टेबलाशी आले. उगाच माउस उचलला, ठेवला. मग हळूच म्हणाले, "खाले येस का जराखं?"

खाली म्हणजे साडीच्या दुकानात. त्यांची मुलगी नाशिकला असते, तिला सातवा महिना लागला होता. डोहाळजेवणाला माहेरची हिरवी साडी लागते. काकू असत्या तर नानांना हे कळलंही नसतं, साडी कपाटात येऊन पडली असती. आता माहेर म्हणजे एकटे नाना. मुलीने फोनवर सांगितलं होतं, की पप्पा, तुम्ही त्रास घेऊ नका, मी इथेच घेते. नाना तिला म्हणाले होते, साडी माहेरूनच येईल.

सेल्समनने गादीवर साड्या फेकायला सुरुवात केली. मेहंदी, पोपटी, शेवाळी, मोरपंखी अशी नावं घेत होता. नाना प्रत्येक साडीला हात लावायचे, बोटांत चुरून बघायचे. पोत चांगला शे, काठ चांगला शे. अगदी केळं दाबावं तसं चाललं होतं. बराच वेळ गेला. माझ्यापुढे नुसता मातीच्या छटांचा ढीग वाढत होता. शेवटी नानांनी मनाचा हिय्या करून एक साडी ओढली आणि म्हणाले, हीच हिरवी बांध.

सेल्समन हसला. त्याला वाटलं, नाना नेहमीसारखी गंमत करतात. "नाना, ही चॉकलेटी. डोहाळजेवणाला चॉकलेटी नेता का?" पलीकडच्या दोन बायकाही हसल्या. गादीवरून बाबूजींनी वर पाहिलं. नानांचा हात साडीवरच राहिला. ते शुद्ध मराठीत म्हणाले, "कृपया राहू द्या. नंतर येईन."

'कृपया' ऐकलं आणि मला राहवलं नाही. ललितशेठ काउंटरशी फोनवर बोलत उभे होते, तेही मला दिसत होतं. तरी मी म्हणालो, "बाबूजी, आम्हा दोघांना हिरवा रंग ओळखू येत नाही. जन्मापासून नाही. तुम्ही निवडून द्या."

ललितशेठनी फोन कानावरून खाली घेतला. बाबूजी गादीवरून उठले, गुडघ्यावर हात ठेवत, आणि त्या ढिगातून एक साडी काढून दाराशी उन्हात घेऊन गेले. "इथे या," म्हणाले. "माझंही आता ट्यूबलाइटात खरं नाही. डोळ्यांत मोतीबिंदू पिकायला लागलाय, पण सांगितलं तर पोरं गादीवरून उठवतील." मग साडी उलगडून म्हणाले, "ही घ्या नाना. नव्या केळीच्या पानाची हिरवी. लेकीच्या अंगावर शोभेल. माझ्या शब्दावर न्या."

ललितशेठ जवळ आले. मला वाटलं, आता केळ्यांच्या ट्रकचा विषय निघणार. ते माझ्याकडे बघत राहिले, मग नानांकडे. त्यांना सगळा पायगुण एका क्षणात कळला असावा. म्हणाले, "सांगायचं ना रे आधीच. मी ते टूल कशाला गळ्यात मारलं असतं?" एवढंच. आजवर मी ज्या दाराला भीत होतो ते असं नुसतं लोटलेलंच होतं. पण ते लोटून बघायचं धैर्य मला नानांसाठी आलं, माझ्यासाठी आलं नसतं.

साडी कागदात बांधून घेऊन आम्ही जिना चढत होतो. मधल्या पायरीवर नाना थांबले, भिंतीला टेकले. दम लागला असेल असं वाटलं. त्यांनी पुडक्याचा कोपरा उघडला आणि मला विचारलं, "असोदा, तुले हिरवा कसा दिसस?"

आयुष्यात हे मला कोणीच विचारलं नव्हतं. डॉक्टरने विचारलं ते, काय दिसत नाही. मी साडीकडे पाहिलं आणि म्हटलं, "वाळायला आलेल्या गवतासारखा. थोडा मातकट. पण वाईट नाही दिसत."

"माले बी तसाच," नाना म्हणाले. "तुनी काकूले एकदा सांगं व्हतं. ती बिचारी रोज शर्ट काढी ठेवे, पन तिले तर बठ्ठा रंग दिसेत. तिले कसं समजी?" साठीला टेकलेला हा माणूस आजवर त्या गवताच्या रंगात एकटाच राहत होता. आता एकदम शेजारी मिळाल्यासारखा तो माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, नाना, तुमचे उपकार मी कसे फेडू. त्यांनी ते ऐकलंच नाही. पुडकं पुन्हा नीट बांधलं, गाठ मारली. डॉक्टर म्हणतात, हे लेकीच्या हातून नातवाकडे जाऊ शकतं, असं त्यांनी मला सांगितलं. लेकीला ते माहीत नाही. तिला सांगावं की नाही या विचारात त्यांचे कित्येक शनिवार धुळ्याच्या बसमध्ये गेले होते.

"सांगा," मी म्हटलं. "नातू झाला आणि त्यालाही असंच दिसलं तर?"

नाना दोन पायऱ्या चढले, वळले आणि पहिल्यांदाच मोकळं हसले.

"मंग काय. आपन तीन जन व्हसूत."